शहर पोलिसांवर नागरिकांची देखरेख: कागदावरच्या तरतुदींना हातपाय कसे द्यायचे

महापालिकेनं उद्या एकमतानं ठराव करून शहर पोलिसांवर नागरी देखरेख समिती नेमली, तरी त्या समितीला पोलीस ठाण्यातली एक वही उघडायला लावण्याचा अधिकार मिळणार नाही. पोलीस हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीत आहे. पोलीस आयुक्त उत्तर देतात ते गृह विभागाला, महापौरांना नाही. अमेरिकेतल्या ऑकलंड शहराच्या नागरिकांनी २०१६ मध्ये थेट मतदान करून पोलीस आयोग उभा केला. न्यूयॉर्कमध्ये १९९३ पासून तक्रारींची चौकशी पोलीस खात्याबाहेरचं मंडळ करतं. तो रस्ता पुण्याला, नागपूरला किंवा सोलापूरला मोकळा नाही, आणि त्यावर शक्ती घालवण्यात अर्थही नाही.

पण महाराष्ट्रात देखरेखीच्या तरतुदीच नाहीत, हेही खरं नाही. तक्रार प्राधिकरण आहे. सीसीटीव्हीवर नजर ठेवणारी जिल्हा समिती आहे आणि तिच्यात महापौरांची जागा आहे. अटकेत असलेल्यांची माहिती ठाण्यात लावण्याची सक्ती आहे. मानवी हक्क आयोग आहे. यातलं बरंचसं आपोआप चालत नाही, कारण रोज त्याच्या मागे लागणारं कुणी नसतं. ते ‘कुणी’ शहरात कसं उभं करायचं, हा या लेखाचा विषय आहे.

आयुक्तालय असलेल्या शहरात याची गरज जास्त आहे. ग्रामीण भागात तडीपारीचा आदेश प्रांताधिकारी काढतात, म्हणजे प्रस्ताव पोलिसांचा आणि निर्णय महसूल अधिकाऱ्याचा असतो. आयुक्तालयात प्रस्तावही पोलिसांचा आणि आदेशही पोलीस उपायुक्तांचा. कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार पोलिसांकडेच असतात, त्यामुळे बाहेरच्या नजरेचा एक टप्पा मुळातच कमी होतो.

हातात काय आहे, ते आधी समजून घ्या

२२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सात निर्देश दिले. त्यातला सहावा पोलीस तक्रार प्राधिकरणाचा. राज्य पातळीवर एक आणि प्रत्येक जिल्ह्यात एक, अशी ती कल्पना होती. सदस्य पूर्णवेळ असावेत, त्यांना योग्य मानधन मिळावं, चौकशीसाठी स्वतःची माणसं असावीत आणि शिफारस बंधनकारक असावी, असं न्यायालयानं स्पष्ट म्हटलं होतं.

महाराष्ट्रानं २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली. कलम २२-पी पासून पुढची कलमं याबद्दल आहेत. ती मूळ मजकुरातून वाचा, कारण न्यायालयाचा निर्देश आणि राज्याचा कायदा यांत दोन मोठे फरक पडले. जिल्हा प्राधिकरणाऐवजी महसूल विभागाचं प्राधिकरण आलं. ३६ जिल्ह्यांना सहा विभाग, म्हणजे मुंबई आणि सिंधुदुर्ग एकाच कोकण विभागात. दुसरं म्हणजे, अपवादात्मक परिस्थितीत कारणं नोंदवून अहवाल नाकारण्याची मुभा सरकारनं स्वतःकडे ठेवली. तरीही उपयोगाचं बरंच शिल्लक आहे. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, प्रक्रिया न पाळता केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन वा घर बळकावणं आणि अधिकाराचा गंभीर गैरवापर, एवढे विषय प्राधिकरणाच्या कक्षेत येतात. त्याला दिवाणी न्यायालयासारखे साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे अधिकार आहेत. शिस्तभंगाची शिफारस असेल तर अहवाल प्राथमिक चौकशीचा अहवाल धरला जातो. गुन्हा नोंदवण्याची शिफारस असेल तर तो ठाण्याकडे जाऊन तिथे एफआयआर म्हणून नोंदला जायला हवा. ठाणे पातळीवरच्या पोलिसांविरुद्ध तक्रार विभागीय प्राधिकरणाकडे करायची आणि वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांविरुद्ध राज्य प्राधिकरणाकडे.

इथे एक गल्लत फार होते. शांतता समिती, मोहल्ला समिती, महिला दक्षता समिती म्हणजे देखरेख नव्हे. १९८०च्या दशकात भिवंडीत आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत मोहल्ला समित्यांनी मोलाचं काम केलं, पण ते पोलीस आणि वस्ती यांच्यातल्या संवादाचं काम होतं. या समित्यांचे सदस्य बहुतेक वेळा ठाणंच निवडतं. ज्यांनी आपल्याला निवडलं, त्यांचीच तपासणी करणं माणसाला जड जातं. म्हणून अशा समित्यांवरच्या व्यक्तीला आपल्या देखरेख गटात घेऊ नका. घ्यायचंच असेल तर तिकडचा राजीनामा आधी हवा.

गट: सात ते नऊ माणसं पुरतात

मोठी सभा भरवून गट काढला की पहिल्या महिन्यात चाळीस माणसं असतात आणि सहाव्या महिन्यात तीन. सुरुवात सात ते नऊ जणांनी करा आणि प्रत्येकाला ठरलेलं काम द्या. फौजदारी न्यायालयात रोज उभा राहणारा एक वकील हवा. जखमांचं प्रमाणपत्र वाचता येणारा एक डॉक्टर हवा. जखमेचा रंग, आकार आणि वय यांवरून ‘पडल्यामुळे झालं’ हे विधान टिकतं की नाही, ते त्याला सांगता आलं पाहिजे. आवक-जावक सांभाळणारा, शक्यतो सरकारी कार्यालयात कारकुनी केलेला एक निवृत्त माणूस हवा. गट टिकण्याच्या दृष्टीनं हा माणूस वकिलापेक्षाही महत्त्वाचा. निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात, कारण कोठडीतल्या किंवा ठाण्यातल्या वागणुकीबद्दल बाई पुरुषासमोर अर्धंच बोलते.

आणि ज्यांना पोलिसांचा त्रास सर्वांत जास्त होतो, त्यांच्यातली दोन माणसं हवीतच. महाराष्ट्रात याचा अर्थ पारधी आणि इतर भटके-विमुक्त, फेरीवाले, कचरावेचक, शहराबाहेरून आलेले मजूर. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण वस्तीत चोरी झाली की आधी पालावर जाण्याची सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही. ही माणसं गटात नसतील, तर तुमच्याकडे येणाऱ्या तक्रारी पासपोर्ट पडताळणी आणि गाडी उचलून नेण्याच्या असतील, आणि शहरात सगळं ठीक आहे असा तुमचा समज होईल.

दोन नियम पहिल्याच बैठकीत लिहून घ्या. राजकीय पक्षाचा पदाधिकारी सदस्य नसेल. स्वतःचं प्रकरण पोलिसांकडे प्रलंबित असलेल्या सदस्यानं ते जाहीर करावं आणि त्या ठाण्याच्या कामापासून दूर राहावं. हे आधी लिहिलं नाही, तर पहिल्या वादाच्या वेळी ‘यांचा वैयक्तिक राग आहे’ एवढ्या एका वाक्यात सगळं काम निकालात निघतं.

पहिली तिमाही: फक्त माहिती अधिकार

पहिले तीन महिने निवेदन नाही, पत्रकार परिषद नाही. आधी आकडे जमवा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार माहितीचा अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो. म्हणून सगळे प्रश्न एका अर्जात कोंबू नका. तो अर्ज तिथेच अडतो. शुल्क १० रुपये, प्रतींना पानामागे २ रुपये. पाच वेगळे अर्ज करा.

पहिला अर्ज आयुक्तालयाकडे: गेल्या तीन वर्षांत पोलिसांविरुद्ध आलेल्या तक्रारी, ठाणेनिहाय आणि वर्षनिहाय, किती निकाली निघाल्या, किती प्रकरणांत कोणती शिक्षा झाली. दुसरा, प्रत्येक ठाण्यातल्या कॅमेऱ्यांची संख्या, बंद कॅमेरे, चित्रण किती दिवस साठतं आणि देखभालीचं कंत्राट कुणाकडे आहे. तिसरा जिल्हाधिकारी कार्यालयाकडे: सीसीटीव्ही देखरेख समितीच्या बैठकांच्या तारखा, इतिवृत्तं आणि राज्य समितीला पाठवलेले मासिक अहवाल. चौथा गृह विभागाकडे: राज्य आणि आपल्या विभागीय प्राधिकरणातली मंजूर पदं, रिक्त पदं आणि ती कधीपासून रिक्त आहेत. पाचवा प्राधिकरणाकडे: आलेल्या तक्रारी, चौकशी पूर्ण झालेल्या तक्रारी, केलेल्या शिफारशी आणि सरकारनं मान्य केलेल्या शिफारशी.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ‘तपासात अडथळा येईल’ असं कारण आलं, तर तीस दिवसांत पहिलं अपील करा. नुसतं ‘अडथळा येईल’ म्हणणं पुरेसं नसतं. तो कसा येईल हे अधिकाऱ्यानं दाखवावं लागतं, आणि संख्यात्मक माहितीनं तपासाला अडथळा येत नाही. दुसऱ्या अपिलाची मुदत ९० दिवसांची असली, तरी माहिती आयोगाकडे सुनावणीला फार वेळ लागतो. म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला वकील किंवा अभ्यासू सदस्यानं स्वतः हजर राहावं. बरीच माहिती तिथेच सुटते.

एक सूचना: या टप्प्यावर चित्रणाची प्रत मागू नका. ती हमखास नाकारली जाते आणि त्या नकाराचा आधार घेऊन कॅमेऱ्यांच्या साध्या स्थितीची माहितीही अडवली जाते.

सीसीटीव्ही समिती: सर्वांत दुर्लक्षित हत्यार

सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंह सैनी निकालानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे कुठे असावेत, हे जागेसह सांगितलं आहे: येण्याजाण्याची दारं, मुख्य फाटक, सर्व कोठड्या, कोठड्यांबाहेरचा भाग, मार्गिका, स्वागतकक्ष, निरीक्षक आणि उपनिरीक्षकांच्या खोल्या, ठाणे अंमलदाराची खोली, ठाण्याचा मागचा भाग, स्वच्छतागृहाच्या बाहेर (आत नव्हे). चित्राबरोबर आवाजही हवा आणि अंधारातलं दिसायला हवं. चित्रण १८ महिने साठलं पाहिजे. तशी यंत्रणा मिळत नसेल तर जास्तीत जास्त क्षमतेची घ्यावी, पण वर्षाच्या खाली कधीच नाही.

जिल्हा समितीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस प्रमुख यांच्याबरोबर शहराचा महापौर असतो. समितीचं काम फक्त यंत्रं चालू आहेत का बघण्याचं नाही. साठवलेलं चित्रण पाहून, कुणीही तक्रार न केलेलं मानवी हक्कांचं उल्लंघन शोधणं, हेही तिच्या कामात लिहिलेलं आहे. पोलिसांच्या कोठडीत काय झालं, ते तक्रारीशिवाय बघण्याची जबाबदारी लोकनियुक्त महापौरावर! शहरातल्या देखरेखीचा याहून भक्कम खुंटा शोधून सापडणार नाही. तरीही २०२५ मध्ये ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांच्या प्रश्नात सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून पुन्हा लक्ष घालावं लागलं, यावरून हा खुंटा किती वापरला गेला ते कळतं. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या महापालिकांवर मार्च २०२२ पासून बराच काळ प्रशासक होते. त्या काळात समितीतला लोकनियुक्त आवाज नव्हताच.

करायचं ते असं. महापौरांना निकालाची प्रत द्या आणि समितीच्या कामाचा संबंधित परिच्छेद खुणा करून द्या. आपण या समितीवर असतो हेच त्यांना माहीत नसण्याची शक्यता धरून चला. मग तीन गोष्टी मागा: समितीची बैठक दर महिन्याला व्हावी, प्रत्येक बैठकीत चिठ्ठी काढून दोन ठाण्यांचं एकेका रात्रीचं चित्रण पाहिलं जावं, आणि कुठल्या ठाण्यात किती कॅमेरे किती दिवस बंद होते याचा तक्ता महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत मांडला जावा. आपल्या प्रभागातल्या ठाण्याचा तक्ता मागायला विरोधी पक्षाचा नगरसेवकही चालतो. इथे महापालिका पोलिसांना आदेश देत नाही, फक्त आपल्या महापौराला त्याच्या कामाचा हिशेब विचारते. त्यामुळे अधिकारकक्षेचा आक्षेपही टिकत नाही.

एक फट लक्षात ठेवा. मारहाण नेहमी ठाण्यातच होते असं नाही. माणसाला चौकीत, गुन्हे शाखेच्या युनिटमध्ये किंवा डीबी (गुन्हे शोध) पथकाच्या खोलीत नेलं जातं, आणि ठाण्याच्या कॅमेऱ्यात तो आलेलाच नसतो. म्हणून चौक्यांची आणि युनिटच्या कार्यालयांची यादी स्वतंत्रपणे मागवून ठेवा.

ठाण्याला भेट

शहरातली ठाणी सदस्यांच्या जोड्यांमध्ये वाटा. एकट्यानं जाऊ नका. पुढे ‘अरेरावी केली’ असा आरोप झाला तर साक्षीदार नसतो. वीस ठाणी आणि चार जोड्या असतील, तर प्रत्येक जोडीकडे पाच ठाणी येतात; तिमाहीत एक भेट सहज जमते. भेट फक्त लोकांसाठी खुल्या असलेल्या भागात. कोठडीत जाण्याचा हक्क आपल्याला नाही आणि तसा आव आणू नका.

खुल्या भागातूनच बरंच दिसतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षकापेक्षा कमी नसलेल्या दर्जाचा एक अधिकारी नेमलेला हवा, आणि अटक केलेल्यांची नावं, पत्ते व गुन्ह्याचं स्वरूप ठळकपणे लावलेलं हवं. फलक आहे का, त्यावरची शेवटची तारीख कोणती, नेमलेल्या अधिकाऱ्याचं नाव ठाणे अंमलदाराला सांगता येतं का? कॅमेऱ्यांची सूचना देणारा मोठा फलक दारात आहे का? मोफत वकिलासाठी लोकअभिरक्षक कार्यालयाचा नंबर लावलेला आहे का? एका पानाचा ठरलेला तक्ता घ्या, ठाण्याबाहेर आल्यावर भरा, दोघांनी सही करा. फलकावरची नावं उतरवून घेऊ नका, प्रसिद्ध तर मुळीच करू नका. आरोप सिद्ध झालेला नसतो.

मोबाइलवर चित्रीकरण करावं का, हा प्रश्न येतोच. पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते अधिनियमातलं निषिद्ध ठिकाण नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये म्हटलं आहे. तरी नियमित भेटीत मोबाइल खिशात ठेवा. पहिल्याच दिवशी चित्रीकरणावरून वाद झाला, तर त्या ठाण्यात वर्षभर कुणी नीट बोलणार नाही. समोर कुणाला मारहाण होत असेल तर गोष्ट वेगळी.

प्रत्यक्ष कोठडीभेटी हव्या असतील, तर ब्रिटनचा नमुना मागणीपत्रात ठेवा. तिथे २००२ च्या कायद्यानं स्वतंत्र कोठडी-भेटदारांची योजना सक्तीची झाली. सामान्य नागरिक दोघादोघांनी, न कळवता कोठडीत जातात. आपल्याकडे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना तुरुंगांबरोबर पोलीस ठाण्यांतही अशासकीय भेटदार नेमण्याचा विचार करायला सांगितलं आहे. हा आधार दाखवून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. त्यांच्या पॅनेलवरच्या वकिलाबरोबर भेटीची सोय होणं, ही मिळण्यासारखी पहिली पायरी आहे.

तक्रार: पहिले तीन दिवस

प्राधिकरणात तक्रार हरण्याचं कारण बहुतेक वेळा सुनावणीत नसतं, पहिल्या तीन दिवसांत असतं. सुटून आलेला माणूस घाबरलेला असतो, घरी जाऊन झोपतो, चौथ्या दिवशी कुणीतरी त्याला गटाकडे आणतं. तोवर वळ फिके पडलेले असतात.

पहिलं काम सरकारी रुग्णालय. खासगी डॉक्टरची चिठ्ठी नंतर उपयोगी पडेल, पण वैद्यकीय-कायदेशीर नोंद सरकारी रुग्णालयातच करून घ्या. ‘कुणी मारलं’ याच्या उत्तरात ‘पोलिसांनी’ हे लिहिलं गेलं का, ते वाचून बघा. ‘अज्ञात व्यक्तीनं’ असं लिहून घेण्याचा दबाव येतो. जखमांचे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून, चेहऱ्यासह आणि चेहऱ्याशिवाय काढा. मूळ फाइल त्याच मोबाइलमध्ये राहू द्या. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीतून मूळ तारीख-वेळेची माहिती निघून जाते. रक्ताचे कपडे धुवायचे नाहीत, कागदी पिशवीत ठेवायचे.

त्याच दिवशी चित्रण जपून ठेवण्याचं पत्र द्या. आयुक्त, संबंधित उपायुक्त आणि वरिष्ठ पोलीस निरीक्षक यांना ईमेल आणि स्पीड पोस्ट, जिल्हा समितीला प्रत. त्यात तारीख, ‘इतक्या वाजल्यापासून इतक्या वाजेपर्यंत’ आणि कोणत्या भागातले कॅमेरे हे हवं. नुसतं ‘त्या दिवशीचं चित्रण जपा’ असं लिहिलं की नेमका तो कॅमेरा बंद होता असं उत्तर येतं. प्रत मागायची ती पुढे, न्यायालय, आयोग किंवा प्राधिकरणामार्फत. आता फक्त पुसलं जाऊ नये एवढंच बघायचं.

मग जबाब. तो त्या माणसाच्या भाषेत लिहा, वकिलाच्या नाही. कुणी बोलावलं, कोणत्या गाडीतून नेलं, गाडीचा नंबर, ठाण्यात कोणत्या दारानं शिरले, कोठडीत आणखी कोण होतं, कुणाचा बक्कल नंबर दिसला, छातीवर नावाची पट्टी होती का, काय बोलले, किती वाजता सोडलं, कशावर सही घेतली. आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ असंच लिहा. एक फुगवलेला तपशील सगळा जबाब पाडतो; पाच जणांनी मारलं असेल तर दहा लिहू नका. जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे, याची कल्पना तक्रारदाराला आधीच द्या.

तक्रार अर्जात मागण्या नेमक्या हव्यात: स्टेशन डायरीच्या त्या दिवसाच्या नोंदी मागवाव्यात, चित्रण ताब्यात घ्यावं, अमुक साक्षीदार तपासावेत, चौकशी त्याच परिमंडळातल्या, म्हणजे त्याच उपायुक्तांच्या हद्दीतल्या, अधिकाऱ्याकडे देऊ नये. शेवटची मागणी कधीही सोडू नका. अर्ज आयुक्तालयात गेला, तिथून उपायुक्तांकडे, तिथून सहायक आयुक्तांकडे, आणि शेवटी ‘अर्ज चौकशी’ म्हणून त्याच ठाण्यात आला, हे सर्रास घडतं. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्याच शेजारच्या टेबलावर तक्रारदाराला जबाबाला बोलावलं जातं. असं बोलावणं आलं तर एकट्यानं जायचं नाही, कोऱ्या कागदावर सही करायची नाही, आणि ‘माझी तक्रार नाही’ असा जबाब घेतला गेला तर त्याच दिवशी प्राधिकरणाला लेखी कळवायचं.

मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून वर्षाच्या आत. राज्य आणि राष्ट्रीय अशा दोन्ही आयोगांकडे एकाच वेळी अर्ज टाकू नका. एका आयोगापुढे प्रलंबित असलेल्या प्रकरणात दुसऱ्याला चौकशी करता येत नाही, आणि दोन्हीकडून वेळ जातो.

कोठडीत मृत्यू झाला असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी वकिलाला घेऊन रुग्णालय गाठा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ते कळवलं का, हे लेखी विचारा. शवविच्छेदनाचं चित्रीकरण व्हायला हवं. सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली दंडाधिकाऱ्याची स्वतंत्र चौकशी होते आणि नातेवाइकांना तिथे हजर राहण्याची मुभा आहे. अंत्यविधीची घाई करण्याचा दबाव येईल. दुसऱ्या शवविच्छेदनाचा विचार असेल तर दहन थांबवा.

नोंदवही

गटाची खरी ताकद एका साध्या तक्त्यात असते. प्रत्येक तक्रारीसाठी एक ओळ: क्रमांक, घटनेची तारीख आणि वेळ, ठाणे, शाखा किंवा पथक, तक्रारीचा प्रकार, वैद्यकीय नोंद आहे की नाही, कुठे अर्ज केला, पोच क्रमांक, पुढची तारीख, निकाल. नावं आणि पत्ते वेगळ्या वहीत, कुलपात, फक्त दोघांकडे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर नाव तक्त्यात येताच कामा नये. पीडितेची ओळख प्रसिद्ध करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे.

वर्षभरात तीस-चाळीस ओळी झाल्या की त्या वाचा. एकाच ठाण्यात रात्रीच्याच तक्रारी आहेत का? एकच पथक पुन्हा पुन्हा येतं का? एका अधिकाऱ्याच्या बदलीनंतर तक्रारी थांबल्या का? एकट्यादुकट्या तक्रारीला ‘गैरसमज’ म्हणता येतं, सात तक्रारींच्या ओळीला नाही. तक्रारींचा आकडा वाढला म्हणून पोलीस बिघडले, असाही निष्कर्ष काढू नका. देखरेख सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी तक्रारी वाढणारच, कारण आधी लोक येतच नव्हते. ज्या ठाण्यातून एकही तक्रार नाही, तिथे आधी जाऊन बघा.

आयुक्तांसमोर

चौथ्या-पाचव्या महिन्यात, आकडे हातात आल्यावर, आयुक्तांची वेळ मागा. तिघंच जा. वैयक्तिक प्रकरणं नेऊ नका. ती नेली की बैठक ‘हे प्रकरण बघतो’ वर संपते. मागण्या चारच: तक्रारींसाठी उपायुक्त दर्जाचा एक समन्वय अधिकारी, दर तिमाहीला तक्रारींची ठाणेनिहाय आकडेवारी संकेतस्थळावर, तक्रार आलेल्या परिमंडळाबाहेरच चौकशी, आणि तिमाहीत एकदा अजेंडा ठरवून बैठक. बैठकीनंतर दोन दिवसांत, ‘आपण असं असं मान्य केलंत’ हे पत्रानं कळवा. आयुक्त दोन वर्षांत बदलून जातात. नव्या आयुक्तांसमोर ठेवायला ते पत्रच असतं.

जे चांगलं दिसलं तेही त्याच पत्रात लिहा. फलक रोज बदलणारा ठाणे अंमलदार, स्वतःहून वकिलाला फोन करणारी उपनिरीक्षक यांची नोंद केली, तर पुढच्या भेटीत ठाण्यात खुर्ची मिळते. ही खुशामत नाही. नोंद दोन्ही बाजूंची असली तरच तिला वजन येतं.

प्राधिकरणच रिकामं असेल तर

अध्यक्ष नाही, सदस्य नाही, तारीख पडत नाही, ही अडचण येईल असं धरूनच चला. चौथ्या माहिती अर्जाचं उत्तर इथे कामाला येतं. रिक्त पदांच्या तारखांसह अपर मुख्य सचिव, गृह यांना निवेदन द्या आणि उत्तरासाठी तीस दिवस ठेवा. उत्तर नाही आलं, तर उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली जनहित याचिका. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, यांतलं आपल्या जिल्ह्याचं पीठ ठरलेलं असतं. याचिकेत ‘पोलीस अत्याचार करतात’ असं सरधोपट काही लिहू नका. एवढी पदं इतक्या दिवसांपासून रिक्त, एवढ्या तक्रारी प्रलंबित, चौकशीसाठी स्वतःचं मनुष्यबळ एवढं. २००६ च्या निर्देशाचा आणि २०१४ च्या कायद्याचा भंग. मागणी एकच, ठराविक आठवड्यांत पदं भरावीत. विभागाऐवजी जिल्हा पातळीवर प्राधिकरण हवं, ही मोठी मागणी वेगळ्या याचिकेत ठेवा. एकत्र केली तर सोपी मागणीही तिच्यामागे लटकते.

या काळात तक्रारी थांबवू नका. रिकाम्या प्राधिकरणाकडेही अर्ज करा, पोच घ्या, तक्त्यात ओळ भरा. अध्यक्ष नेमले जातील त्या दिवशी त्यांच्या टेबलावर तुमच्या शहराचे अर्ज तारखेनुसार लावलेले असले पाहिजेत, आणि नसतील तर पोच क्रमांकांची यादी घेऊन दुसऱ्या दिवशी तिथे जायचं.